एकोणीस साते

"एकोणीस पाचे पंच्याण्णव, एकोणीस सक चौदोदरशे..." आणि आवाज थांबला.

खिरीत पळी फिरवता फिरवता सीमाचा हातही थांबला. दुपारपासून तिची पोरगी प्रज्ञा याच जागी येऊन अडत होती. दोनापासून अठरापर्यंतचे पाढे उतारावर सुटलेल्या शेळ्यांसारखे धावत यायचे, आणि एकोणिसाच्या साताशी आले की सगळा कळप जागच्या जागी उभा. विसरली असती तर बरं झालं असतं, सीमाच्या मनात आलं. विसरलेलं आठवून देता येतं. प्रज्ञा काहीच विसरली नव्हती, हेच तर दुखणं होतं.

आज वैशाखी पौर्णिमा. संध्याकाळी वंदना झाली की सीमाचे सासरे आप्पा पाट मांडणार होते. शहाण्णव सालीसुद्धा या घरात हा नेम तसाच चालू होता. चौथी पास झालेलं पोर आंघोळ करून, पांढरे कपडे घालून पाटावर उभं राहणार, दोनापासून विसापर्यंत न अडखळता पाढे म्हणणार, मग आप्पा म्हणणार, "उतर." उतर म्हणजे पुढची शाळा. उतर म्हटलं नाही, तर पोराचं शिक्षण तिथंच संपलं. आप्पांची स्वतःची लेक, बनुबाई, सतराच्या पाढ्यात अडली होती. पंधराव्या वर्षी तिचं लग्न लागलं. आजही माहेरी आली की ती त्या पाटावर भाकरीची परातसुद्धा ठेवत नाही.

सावरदऱ्याची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीची शाळा तीन कोसांवर, ओढ्यापलीकडे. वस्तीतली एकही पोरगी तिथं गेलेली नव्हती. पण थोरले दीर भाऊसाहेब संगमनेरला हायस्कुलात शिक्षक होते, आणि ते प्रज्ञाला स्वतःच्या घरी ठेवून घ्यायला तयार होते. उद्या सकाळी ते परत निघणार होते. पोरगी त्यांच्याबरोबर जाणार की नाही, ते आज पाटावर ठरायचं होतं.

"सीमा," भाऊसाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. प्रवासाचा शर्ट अजून अंगावरच होता. "पोरगी अडतेय का गं?"

"अडत न्हाई, दादा. थांबतेय."

ते उंबऱ्यावर टेकले. आत कोपऱ्यात म्हातारी सासू चांगुणाबाई कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण तिचे हात हळू झाले.

"तिला सांग," भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "आजच्या दिवस चौतिसाशे म्हण. मोकळी होशील."

"पन हाय किती, दादा?"

"अगं, आहे एकशे तेहतीसच. साऱ्या जगात तेहतीसच. पण आप्पांच्या पाढ्यात एकशे चौतीस आहे. मीही पाटावर चौतीसच म्हणालो होतो. पाचवीत गेल्यावर मास्तरांनी तेहतीस सांगितलं, तेव्हापासून शाळेत तेहतीस आणि घरात चौतीस. काही अडलं नाही माझं."

"आन् आप्पांना कोनी सांगितलं न्हाई?"

भाऊसाहेबांनी पायातल्या चपलेचा पट्टा उगाच नीट केला. उत्तर म्हातारीनं दिलं.

"सांगितलं की एकानं. तुझ्या नवऱ्यानं."

"आई, जाऊ दे ना आता."

"का जाऊ दे? तिचं घर हाय, तिला कळू दे." चांगुणाबाईनं कणकेचा गोळा परातीत आपटला. "आगं, महिंद्र पाचवीत हुता. शाळंत मास्तरानं एकोणिसाचा पाढा इचारला. ह्यानं घरातला म्हटला. चौतिसाशे. मास्तरानं छडी मारली ती मारली, वर म्हनला, तुमच्या वस्तीचं गणित येगळं असतं का रं? सारा वर्ग हसला. पोरगं रडत घरी आलं. सांजच्याला परवचा म्हनताना तेहतिसाशे म्हनलं. मग ह्यांनी मारला. मास्तर आपल्या पोरास्नी मुद्दाम चुकीचं शिकवतो, म्हनं, आन् तू त्याचं ऐकून हवालदाराचा पाढा मोडतोस?"

हवालदार म्हणजे पलटणीतून पेन्शनवर आलेले एक म्हातारे. आप्पा लहान असताना वस्तीतल्या पोरांना शाळेत घेत नव्हते, तेव्हा रोज सांजवेळी त्यांनीच पोरं गोळा करून पाढे घोकून घेतले. आप्पांनी शाळेचं दार कधी पाहिलं नाही. रस्त्याच्या कामावर मुकादम झाले ते त्या पाढ्यांवर. घरात एका भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची, आणि हवालदारांचा फोटो नव्हता म्हणून त्यांचे पाढे होते.

"दोन्हीकडनं मार," म्हातारी म्हणाली. "मंग पोरानं तोंडच मिटलं. घरात बी न्हाई, शाळंत बी न्हाई. दिवाळीच्या आत शाळा सुटली त्याची."

सीमाला लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती. नवरा टेम्पो चालवतो, हिशेब बोटांवर न करता मनात करतो, पण पोरीला पाढा विचार म्हटलं की उठून बाहेर जातो, एवढंच तिला ठाऊक होतं. ती त्याला आळस म्हणत आली होती.

"म्हणून सांगतोय," भाऊसाहेब उठले. "एका आकड्यासाठी पोरीची शाळा घालवू नकोस."

ते गेले, आणि पाण्याचा तांब्या घ्यायला त्यांची बायको पुष्पावती आत आली. तिनं सगळं ऐकलेलं दिसत होतं. संगमनेरच्या तिच्या दोन खोल्या, तिची स्वतःची दोन पोरं. प्रज्ञाला ठेवून घ्यायचं ठरलं तेव्हा ती हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. सीमाला तिच्या त्या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती होती.

"तर पहिला धडा हाच द्यायचा म्हणायचा पोरीला," पुष्पावती तांब्यात बघत म्हणाली. "मोठ्यांपुढं एक बोलायचं, बाहेर एक."

"मग काय करू, ताई? तुमीच सांगा."

"मी कोण सांगणार? मी आपली पाणी न्यायला आले." आणि ती निघून गेली.

सीमा ओट्यावर आली. प्रज्ञा टेम्पोच्या सावलीत उकिडवी बसली होती. वेण्यांचं तेल कानाच्या पाळीवर उतरलं होतं. सीमानं पदरानं ते पुसलं.

"प्रज्ञे, आजच्या दिवस आप्पांसारखं म्हण. चौतिसाशे."

"पण मग तीन कुठं जाईल, आई?"

"कुठला तीन?"

पोरीनं काडी घेतली आणि मातीत एकाखाली एक आकडे मांडले. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न, शहात्तर, पंच्याण्णव, एकशे चौदा. "हे बघ. शेवटचा आकडा बघ नुसता. नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार. एकेक पायरी उतरतोय. आता तिनाची पाळी. पुढं दोन, मग एक, मग शून्य. चौतीस म्हटलं तर चार दोनदा आला, आणि तिनाला घरच राहत नाही."

सीमा बघत राहिली. नववीपर्यंत शिकली होती ती, श्रीगोंद्याला माहेरी. एकोणिसाचा पाढा तिनंही घोकला होता, पण त्यात असा जिना आहे हे तिला कुणी दाखवलं नव्हतं, आणि तिनंही पाहिलं नव्हतं. पोरीनं एकटीनं पाहिला. छातीत काहीतरी भरून आलं, आणि त्याच्याच मागोमाग भीती.

"तुला काकांकडं जायचं हाय ना?"

"हो."

"मग आजच्या दिवस."

प्रज्ञानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते सीमाला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

*

वंदना झाली. मेणबत्त्या तसबिरींपुढं स्थिर जळत होत्या. शेजारची चार माणसं दारापाशी बसली होती. आप्पांनी स्वतःच्या हातानं पाट पुसला, घराच्या मधोमध मांडला आणि समोर मांडी घालून बसले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण पाठ अजून सरळ.

"ये गं माजी बाय. चढ."

पांढऱ्या फ्रॉकमधली प्रज्ञा पाटावर उभी राहिली. महेंद्र आत आला नव्हता. दाराबाहेर, चौकटीला खांदा लावून उभा होता, अर्धा उजेडात, अर्धा अंधारात.

"बे एके बे..."

आप्पांनी डोळे मिटले. त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. साताचा पाढा झाला, नवाचा झाला. तेराच्या पाढ्याला दारातला एक शेजारी हळूच म्हणाला, "मोप तयारी हाय पोरीची." सतराचा पाढा आला तेव्हा सीमाला बनुबाई आठवली. सतराही गेला. अठरा गेला.

"एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस."

भाऊसाहेब सतरंजीच्या कडेचे दोरे ओढत होते.

"एकोणीस सक चौदोदरशे."

प्रज्ञा थांबली. तिनं आईकडे पाहिलं. सीमाला वाटलं, मान हलवावी, एवढीशी, कुणाला दिसणार नाही अशी. म्हण गं चौतीस, एकदाच म्हण. पण मान हलली नाही. हलवायची नाही असं तिनं ठरवलंही नव्हतं. ती फक्त हलली नाही.

"एकोणीस साते तेहतिसाशे."

गुडघ्यावरची बोटं थांबली. आप्पांनी डोळे उघडले.

"पुन्हा म्हण."

"एकोणीस साते तेहतिसाशे."

"निवांत म्हण. घाबरू नगंस. एकोणीस साते?"

"तेहतिसाशे, आप्पा."

"कुनी शिकवलं हे?"

"कुणी नाही."

"शाळंतल्या बाईनं?"

"नाही. ते तसंच आहे."

आप्पांचा आवाज चढला नाही. चढला असता तर सीमाला कमी भीती वाटली असती. "भाऊसाहेब, तू मास्तर हायस. शेकड्यानं पोरं शिकवलीस. तू सांग हिला. एकोणीस साते किती?"

साऱ्या घराच्या नजरा भाऊसाहेबांवर गेल्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं. पुष्पावतीनं नजर वळवली नाही. मग त्यांनी सतरंजीकडे पाहिलं.

"आप्पा, तुम्ही म्हणता तसंच. लहान आहे ती. गोंधळली असेल."

"मी गोंधळले नाही," प्रज्ञा म्हणाली. तिचे पाय पाटावर रोवलेले होते.

दाराबाहेर महेंद्र काहीतरी पुटपुटला. आप्पांनी तिकडे पाहिलं नाही. "मागं बी ह्या घरात एकानं हेच म्हनलं हुतं," ते म्हणाले. "ज्या मानसानं आपल्याला तोंड दिलं त्याचा पाढा मोडायचा न्हाई, हे त्याला बी सांगितलं हुतं. उतर म्हनायचं का न्हाई, ते आता तूच ठरव, प्रज्ञा. बोल."

"मोजा की," मागून आवाज आला.

चांगुणाबाई. ती भिंतीला धरून उठली होती. एवढ्या वर्षांत पाट मांडल्यावर ती कधी बोललेली कुणी ऐकलं नव्हतं.

"तू गप."

"लई वरसं गप बसले. येकदा गप बसले, ते पोर माझं मुकं झालं. कागद नगं म्हनता ना? कागदावर कायबी मांडता येतं म्हनता ना? मंग हातानं मोजा." ती फडताळाकडे गेली, चिंचोक्यांचं गाडगं आणलं आणि आप्पांच्या पुढ्यात उपडं केलं.

"पाढा मोजायचा नसतो, चांगुणे. पाढा यावा लागतो."

"आलेला हाय का न्हाई, तेच बघा."

दारातली माणसं आत सरकली. आप्पांनी त्या काळ्या ढिगाकडे पाहिलं. मग त्यांनी बाही मागं सारली. एकोणीस चिंचोके मोजून बाजूला केले. पुन्हा एकोणीस. एकेका ढिगाला ते हाताचा आडोसा करत होते, जसं कुणी फुंकर मारून तो उडवणार आहे. सात ढीग झाले. मग सगळे एकत्र केले आणि दहा-दहानं सारायला लागले. साऱ्या घरात चिंचोक्यांचा तेवढा आवाज.

तेरा वेळा दहा झाले. खाली तीन उरले.

"एक सांडला," आप्पा म्हणाले. "बघा रं, कुनाच्या गुडघ्याखाली गेला."

सगळ्यांनी गुडघे उचलले. सतरंजी झटकली. पाटाखाली हात घालून पाहिला, तेव्हा प्रज्ञा त्याच्यावर उभी होती ती तशीच उभी राहिली. काही निघालं नाही.

आप्पांनी ढीग मोडला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. या वेळी मोठ्यानं. सीमाला बघवेना. म्हाताऱ्याचा आवाज सहाव्या ढिगाशी चिरकला, सातव्याशी सावरला. पुन्हा तेरा दहा झाले. पुन्हा तीनच उरले. ते तीन चिंचोके त्यांनी तळहातावर घेतले आणि मूठ मिटली.

"भाऊसाहेब."

"जी."

"तुला ठावं हुतं."

भाऊसाहेबांनी हळूच मान हलवली.

"कवापासनं?"

"पाचवीपासून, आप्पा."

"म्हंजी ह्याला मी मारलं तवा तू हितंच बसला हुतास. मला म्हनू देत हुतास."

"आप्पा, मी लहान होतो. तुमच्यापुढं कोण..."

"आन् आता? आता मोठा मास्तर झालास, आता तरी?" आप्पांनी मूठ मांडीवर आपटली. "ज्यानं बापाला एवढी वरसं चुकीत ठिवलं, त्याच्या घरी माजी नात न्हाई जायाची. संपलं. पाट उचला."

पोरीचं उत्तर बरोबर निघालं आणि त्याच उत्तरानं तिची वाट बंद केली. भाऊसाहेब उठू लागले. शेजारी एकमेकांकडे बघू लागले. आणि त्या सगळ्यात कुणाच्याही ध्यानात आलं नाही की प्रज्ञा अजून पाटावरच होती, घामेजलेल्या फ्रॉकची झालर मुठीत धरून.

"न्हाई," सीमा म्हणाली.

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. पदर डोक्यावर सारखा करत ती पुढं आली आणि पाटाशेजारी उभी राहिली.

"आप्पा, पाट तुमी मांडलाय. नेम तुमचाच हाय. पाढे बरोबर आले तर पुढची शाळा. दादांनी काय केलं, तुमी काय केलं, ते तुमचं तुमी बघा. पाटावर माजी लेक उभी हाय, दादा न्हाईत. तुमचा राग तिच्या पदरात टाकू नगा."

"सीमा!" भाऊसाहेब म्हणाले.

"तुमी बसा खाली," पुष्पावती त्यांना म्हणाली. मग आप्पांकडे वळून, सासऱ्यांपुढं कधी चढवत नसे त्या आवाजात, "आणि घर एकट्या ह्यांचं नाही, आप्पा. चूल माझी आहे. प्रज्ञा माझ्याकडं येतेय. मला असली पोरगी घरात पाहिजे."

सीमानं तिच्याकडे पाहिलं. पुष्पावती पदराच्या टोकाशी खेळत होती, जणू बोललं ते दुसरंच कुणीतरी.

दारातून वारा आला, मेणबत्त्यांच्या ज्योती आडव्या झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यानं मूठ उघडून त्या तीन चिंचोक्यांकडे पाहिलं. मग नातीकडे.

"साताच्या पुढं राहिलं न्हवं?"

"हो, आप्पा."

"मंग म्हण."

"एकोणीस आठे बावन्नाशे," प्रज्ञा म्हणाली. आवाज आधी फाटला, मग ठिकाणावर आला. एकोणिसाचा पाढा संपला. विसाचा तिनं भरभर म्हटला, रडं यायच्या आत संपवायचा म्हणून. वीस दाहे दोनशे.

"उतर," आप्पा म्हणाले.

प्रज्ञा उतरली आणि सरळ आईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. सीमानं तिच्या केसांत तोंड खुपसलं. तेलाचा, घामाचा, मेणबत्तीच्या धुराचा वास. उद्यापासून हा वास घरात नसणार, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. इतका वेळ पोरीला घालवण्यासाठी भांडली, आणि आता हात सोडवेनात.

चांगुणाबाई पाट उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. त्यांची नजर दाराकडे होती. "महिंद्र."

चौकटीपाशी कुणी नव्हतं.

"महिंद्रला बोलवा. एकोणिसाचा पाढा म्हन म्हनावं. पाटावर उभा ऱ्हाऊन. मी ऐकतो."

मग सीमानं प्रज्ञाचे हात हळूच सोडवले आणि ती बाहेर गेली.

महेंद्र टेम्पोच्या मागच्या फळीवर बसला होता. चांदण्यात त्याचा चेहरा दिसत होता, पण तो रडला होता की नाही ते कळत नव्हतं. सीमा शेजारी टेकली. इतक्या वर्षांत तो उठून जायचा तेव्हा ती मागं कधी आली नव्हती.

"आप्पा बोलावतेत," ती म्हणाली. "पाट तुमच्यासाठी ठिवलाय."

"ऐकलं."

"याचं का?"

आत म्हातारा खाकरला. वाट बघणाऱ्या माणसाचं ते खाकरणं होतं. महेंद्रनं हात पुढं करून फळीची कडी उगाच लावली, उघडली, पुन्हा लावली.

"न्हाई," तो म्हणाला. "तो म्हणायचा हुता तवा म्हनला मी."

मग तो उठला, टेम्पोचा मागचा भाग हातानं झाडू लागला आणि पाठमोराच म्हणाला, "तिची पेटी भर. दादाच्या एस्टीनं नगं. मी सोडतो तिला संगमनेरपत्तुर."